अकराव्या दिवसाचा घोळ: कुत्रीला नर लावण्याआधी काय काय बघायचं

"आमची हिटवर (माजावर) आलीय, आज आठवा दिवस. अकराव्याला लावायचीय, नर बघा की कुठंतरी चांगला." असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कधी इथल्याच, सोलापूरच्या होटगी रोडवरून, कधी मंगळवेढ्याहून, एकदा तर अक्कलकोटहून अर्ध्या कानडीत. माझं उत्तर ठरलेलं: या खेपेला राहू द्या. लोकांना वाटतं, हा भाव खातोय. पण तीन दिवसांत नर शोधायचा, त्याची तपासणी करायची, मादीची करायची, रिपोर्टची वाट बघायची, हे जमणारं काम नाही. आणि मुळात तो अकरावा दिवस कुणी ठरवला? मीही एकदा त्याच अकराव्या दिवसावर भरवसा ठेवून हात पोळून घेतलेत, ते पुढे येईलच.

आधी, लावायचीच का?

"एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर मादीला गाठी होतात," हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. यात तथ्य नाही. एक वेत झालं म्हणून मादीचं आरोग्य सुधारत नाही. उलट लवकर नसबंदी केलेल्या मादीत स्तनाच्या गाठींचं प्रमाण कमी असतं आणि गर्भाशयात पू होण्याची भीती जवळजवळ संपते. मुलांना पिल्लं बघायचीत, शेजाऱ्यानं एक मागितलंय, घेतानाचे पैसे वसूल करायचेत, अशी कारणं असतील तर नसबंदी करून टाका आणि सुखानं राहा.

मादी लावावी ती तिच्यात पुढे चालवण्यासारखं काही असेल तर. चाल चांगली, अंगकाठी जातीला धरून, स्वभाव भरवशाचा. आणि पिल्लं जाणार कुठे, हे नर शोधण्याआधी ठरलेलं हवं. कारवानी (आपल्याकडचं सडपातळ, पळणारं शिकारी कुत्रं) मादीला सात-आठ पिल्लं सहज होतात. "एक द्या बरं का आम्हाला," म्हणणारे दहा असले तरी दोन महिन्यांनी दारात उभे राहतात ते तिघं. त्यातला एक तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत पळणारं कुत्रं ठेवणार असतो. त्याला नाही म्हणायची तयारी ठेवा. आणि दिलेलं कुत्रं उद्या कुणी परत आणून सोडलं, तर ते घ्यायचीही.

कायद्याचंही बघून घ्या. कुत्र्यांच्या प्रजननाचे आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ पासून लागू आहेत. ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी १८ महिन्यांच्या आत लावायची नाही, आठ वर्षांच्या पुढे नाही, लागोपाठच्या हिटला नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेत नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मी स्वतः याहून आखडता हात ठेवतो: पहिलं वेत दोन वर्षांनंतर, आणि एका मादीची तीन वेतं झाली की बस.

नर: बैठकीतला फोटो बघून ठरवू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सहा महिने गेले तरी चालेल.

नवखा माणूस नर शोधतो तो डोकं केवढं, रंग कसला, वंशावळीचे पेपर आहेत का, एवढ्यावर. मी उलट्या बाजूनं सुरुवात करतो. आपल्या मादीचे दोष कागदावर लिहून काढायचे, प्रामाणिकपणे. माझ्या चंद्रीचे मी लिहिले होते: मागचे पाय जरा सरळ, पाठ लांब, फटाक्याला घाबरते. म्हणजे मला नर हवा तो मागच्या पायांना व्यवस्थित कोन असलेला, आटोपशीर पाठीचा आणि थंड डोक्याचा. दोघांत एकच दोष असेल तर तो पिल्लांत ठोकून बसवल्यासारखा होतो. आणि "ही लांब आहे, म्हणून फारच आखूड नर लावू" हाही हिशेब चुकतो. टोकाला टोक लावलं की मधलं येईलच असं नाही. काही पिल्लं आईवर जातात, काही बापावर, आणि हाती लागतं ते दोन्हींकडचं वाईट. जिथे आपली मादी कमी, तिथे नर नेमका बरोबर असावा.

स्वभाव तर अजिबात सोडू नका. नराच्या घरी न सांगता जा, दोनदा जा. अनोळखी माणूस आत आल्यावर तो काय करतो? भुंकला तरी हरकत नाही, राखणीचं कुत्रं भुंकणारच. पण मालकाच्या पायामागे शेपूट घालून दात दाखवत असेल, तर तिथूनच परत फिरा. अशी भित्री चावरी वृत्ती पिल्लांत उतरते. शिवाय जमलं तर त्याची आधीची पिल्लं बघा, दीड-दोन वर्षांची झालेली. नर स्वतः कितीही देखणा असो, त्याची खरी मार्कशीट म्हणजे ती पिल्लं.

दोन्ही अंडकोष खाली उतरलेले आहेत ना, हे हातानं चाचपून बघा. एकच उतरलेला असेल तर तो नर नको. पिल्लं होतील, पण हा दोष आनुवंशिक आहे आणि आत राहिलेल्या अंडकोषात पुढे गाठ होण्याचा धोका मोठा असतो. "त्याचं एक उशिरा उतरतंय" असं दोन वर्षांच्या नराबद्दल मला सांगितलंय एकानं. अहो, सहा महिन्यांत उतरलं नाही ते आता काय उतरणार?

नात्याचा प्रश्न आपल्या भागात जास्त नाजूक आहे. सांगोला, मंगळवेढा, जत, पुढे विजापूरकडे वस्त्यांवर कारवानी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण चांगला नर एका पंचक्रोशीत एखादाच असतो आणि सगळ्या माद्या त्यालाच लागतात. दुसऱ्या गावचा नर म्हणून आपण आणतो तो निघतो मादीचा सावत्र भाऊ. भावा-बहिणीच्या किंवा बाप-लेकीच्या जोडीत पिल्लाच्या दर चार जनुकजोड्यांपैकी एकीत दोन्हीकडून एकाच पूर्वजाची नक्कल येण्याची शक्यता असते. सावत्र भावंडांत हे प्रमाण साडेबारा टक्के, चुलत भावंडांत सव्वासहा. लपलेले दोष याच वाटेनं वर येतात: लहान वेतं, मेलेली पिल्लं, कमजोर प्रतिकारशक्ती. म्हणून निदान आजोबा-पणजोबांपर्यंत नावं विचारा. केनेल क्लबचा पेपर असेल तर त्यावर पिढ्या मिळतात, नसेल तर वस्तीवरच्या म्हाताऱ्याजवळ बसा. "हिची आज्जी कुणाकडची?" एवढं विचारलं की तो तासभर बोलतो. अगदीच बाहेरचं रक्त हवं असेल तर बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते. कारवानी आणि मुधोळ या जाती एकच की वेगळ्या, हा वाद मी इथे काढत नाही. तो काढला की चहा तीनदा होतो आणि निकाल लागत नाही.

लॅब्रेडॉर, शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात मात्र खुब्याचा एक्स-रे हवाच, दोघांचाही, आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यावरचा. आधीच्या एक्स-रेत खुब्याचा दोष निसटू शकतो. लंगडत नाही म्हणजे खुबा चांगला, असं नसतं. आणि ज्या जातींत ठिपक्या-ढगांचा 'मर्ल' रंग असतो, त्यात मर्लला मर्ल कधीही लावू नका. त्यातली काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी जन्मतात.

तपासण्या

या हिट यायच्या महिनाभर आधी उरकायच्या. हिट साधारण सहा-सात महिन्यांनी येते, त्यामुळे मागची तारीख लिहून ठेवली असेल तर अंदाज बांधता येतो.

ब्रुसेलाची रक्ततपासणी दोघांची करायची. हा जंतू मेटिंगमधून पसरतो, मादी दिवस भरत आलेले असताना गाभडते, नराचे अंडकोष सुजून तो कायमचा निकामी होतो. कुत्र्यांसाठी यावर लस नाही, औषधानं पूर्ण सुटका होईल याची खात्री नाही, आणि माणसालाही याची लागण होते. गाभडलेल्या मादीची साफसफाई घरातली बाईमाणसंच करतात, त्यात कुणी गरोदर असेल तर विचार करा. नराचा मालक "आमचा एकदम फिट आहे, टेस्ट कशाला" म्हणाला तर नमस्कार करून निघायचं.

दुसरी गोष्ट, लैंगिक संबंधातून पसरणारी गाठ. डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. फुलकोबीसारखी, लालसर, थेंब थेंब रक्त गळणारी. रस्त्यावरच्या कुत्र्यांत ती भरपूर आहे, आणि आपला नर रात्री गच्चीवरून खाली उतरून काय करतो ते आपल्याला कुठे ठाऊक असतं? नराचं कातडं मागे सरकवून आणि मादीचा आतला भाग डॉक्टरांकडून बघून घ्या. इंजेक्शनांनी ही बरी होते, पण तोवर मेटिंग नाही.

तिसरं, गोचीड ताप. आपल्याकडे बारा महिने गोचीड. वरून ठणठणीत दिसणाऱ्या मादीच्या रक्तात प्लेटलेट एकदम कमी निघतात. अशा मादीला वेताच्या वेळी रक्तस्राव झाला तर सावरणं अवघड. त्यामुळे साधी रक्ततपासणी आणि गोचीड तापाची टेस्ट करून घ्या. लसी आणि जंताचं औषधही हिटच्या आधीच, कारण गाभण मादीला जिवंत विषाणूच्या लसी देत नाहीत.

नराचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली बघून घेतलं तर उत्तम. डॉक्टरांचं दहा मिनिटांचं काम आहे. शुक्राणू तयार व्हायला जवळपास दोन महिने लागतात, म्हणून एप्रिलमध्ये ताप आलेला किंवा मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेला नर जूनमध्ये तगडा दिसला तरी पोकळ असू शकतो.

उन्हाळ्यावरून आठवलं, वेताचा महिनाही बघा. गाभण काळ ६३ दिवसांच्या आसपास. फेब्रुवारीच्या शेवटी लावलेली मादी मे महिन्याच्या तोंडावर विते, म्हणजे सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत. धापा टाकणारी आई पिल्लांना नीट पाजत नाही. त्यात नळाला पाणी रोज येत नाही आणि विण्याची जागा तर रोज धुवायची असते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर आलेली हिट मी सरळ सोडून देतो.

हिट आली

पहिला दिवस म्हणजे रक्ताचा पहिला थेंब. पण तो आपल्याला दिसेलच असं नाही. चाटून साफ ठेवणाऱ्या माद्या असतात, त्यांचा आपण मोजलेला पहिला दिवस खरा चौथा असतो. म्हणून हिट जवळ आली की रोज सकाळी पांढरा टिश्यू हलकेच टेकवून बघायचा. अकराव्या दिवसाच्या हिशेबातलं पहिलं भोक इथेच पडतं.

सुरुवातीचे दिवस मादीचं अंग सुजलेलं, टणक, स्राव लाल. नर घिरट्या घालतात, ती गुरकावते. सरासरी नऊ दिवस म्हणतात, पण तीन दिवसांत उरकणाऱ्या आहेत आणि सतरा दिवस लावणाऱ्याही. मग स्राव फिका होतो, सूज मऊ पडते. कमरेवर शेपटीच्या मुळाशी खाजवलं की ती शेपटी एका बाजूला वळवून उभी राहते. ही तिची संमती. मात्र काही माद्या शेवटपर्यंत लालच गळतात, काही पाचव्या दिवसापासून शेपटी वळवतात. खुणा उपयोगाच्या आहेत, पुराव्याच्या नाहीत.

या तीन आठवड्यांत मादीला गच्चीवर, अंगणात एकटी सोडायची नाही. एकाच वेतात दोन नरांची पिल्लं असू शकतात. तुम्ही निवडलेल्या नराची चार आणि गल्लीतल्या काळ्याची तीन, असं खरंच होतं.

रक्त काय सांगतं

आता चंद्रीची गोष्ट. पहिल्या खेपेला नर उत्तम शोधलेला, तपासण्या केलेल्या, अकराव्या आणि तेराव्या दिवशी लावली. दोन्ही वेळा व्यवस्थित जोड लागली. महिन्यानं सोनोग्राफी केली तर पोट रिकामं. मी नराला दोष दिला, नराच्या मालकानं मादीला. चूक दोघांचीही नव्हती, चूक कॅलेंडरची होती.

कुत्रीचं एक वेगळेपण आहे. तिची बीजांडं सुटतात तेव्हा कच्ची असतात. सुटल्यावर ती पिकायला आणखी दोन-तीन दिवस लागतात आणि मग पुढचे दोन-तीन दिवस फळतात. म्हणजे खरी वेळ बीज सुटल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे. आणि बीज कधी सुटलं, हे रक्तातलं प्रोजेस्टेरॉन सांगतं. बहुतेक प्राण्यांत हे संप्रेरक बीज सुटल्यावर वाढतं. कुत्रीत ते आधीच वाढायला लागतं, म्हणून तर या तपासणीचा उपयोग.

सुरुवातीला आकडा एकाच्या आत असतो. दोन-तीनच्या आसपास आला म्हणजे शरीराकडून बीज सोडायचा हुकूम निघाला. पुढच्या दोनेक दिवसांत चार ते आठच्या दरम्यान गेला, की बीज सुटलं. हे आकडे नॅनोग्राम प्रति मिलिलिटरमधले आहेत. रिपोर्टवर नॅनोमोल लिहिलं असेल तर त्या आकड्याला ३.१८ नं भागा, नाहीतर काही दिवस आधीच गाडी काढाल.

ही तपासणी माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही होते. रक्त डॉक्टरांकडून काढून घ्यायचं, साध्या लाल झाकणाच्या नळीत. जेल असलेली नळी नको, त्यात आकडा कमी दिसू शकतो. आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये द्या, दोन मशीनचे आकडे जुळत नाहीत. लॅबमधली मुलगी फॉर्मवर पेशंटचं नाव "चंद्री, वय ३" लिहिताना माझ्याकडे कशी बघत होती, ते अजून आठवतं.

दुसऱ्या खेपेला चंद्रीचे आकडे असे आले. नवव्या दिवशी ०.८. बाराव्या दिवशी १.४. पंधराव्या दिवशी २.३. सतराव्या दिवशी ६.२. म्हणजे जेव्हा मागच्या खेपेला मी लावून मोकळा झालो होतो, तेव्हा तिच्या शरीरात काही सुरूच झालं नव्हतं. एकोणिसाव्या आणि एकविसाव्या दिवशी लावली. सहा पिल्लं.

पहिली तपासणी सहाव्या-सातव्या दिवशी करा, मग दर दोन-तीन दिवसांनी. तीन-चार तपासण्यांत काम होतं. खर्च वाटतो, पण रिकाम्या खेपेत सहा महिने जातात त्यापुढे काही नाही. जोडीला डॉक्टर काचपट्टीवर आतल्या पेशी घेऊन बघतात. सुरुवातीला पेशी गोल, आत मोठं केंद्रक. हिट भरात आली की त्या चपट्या, कोनेदार, पापडाच्या तुकड्यांसारख्या दिसतात. ही तपासणी स्वस्त, पण तिच्यावरून नेमका दिवस कळत नाही, हिट पुढे सरकतेय एवढंच कळतं.

निरोगी नराचे शुक्राणू आत पाच-सहा दिवस टिकतात, म्हणूनच कॅलेंडरवर लावलेल्या माद्याही बऱ्याचदा गाभण राहतात आणि अकराव्या दिवसाची कीर्ती वाढते. गोठवलेलं वीर्य वापरायचं असेल तर मात्र ते जेमतेम एक दिवस टिकतं. तिथे रक्ततपासणीशिवाय पाऊल टाकू नका.

जोड लावताना

मादी नराच्या घरी न्यायची. परक्या जागी नर बिचकतो. वेळ पहाटेची, ऊन चढायच्या आत. दोघांना आदल्या चार-पाच तासांत खायला नको. फरशीवर पाय घसरतात, तिथे जुनी सोलापुरी चादर दुमडून घाला, पकड चांगली मिळते. माणसं दोनच, मादीच्या तोंडाशी तिचा मालक आणि मागे नराचा. बघायला आलेल्या शेजाऱ्यांना बाहेर चहा द्या.

थोडा वेळ खेळू द्या. मादी बसत असेल, उलटून चावत असेल तर बळजबरी नको. तिची वेळ झालेली नाही, किंवा तिला हा नर पसंत नाही. तोंड बांधून, धरून लावणाऱ्यांकडे मी पुन्हा जात नाही.

जोड लागली की नराच्या लिंगाच्या मुळाशी गाठ फुगते आणि दोघं अडकतात. नर पाय टाकून उलटा वळतो, दोघं पाठीला पाठ लावून उभी. पाच मिनिटं ते पाऊण तास, कितीही. या वेळात मादीला बसू द्यायचं नाही, ओढू द्यायचं नाही, बस. गल्लीत अशा जोडीवर पाणी ओतणारे, दगड मारणारे आपण लहानपणापासून बघतो. त्यानं दोघांनाही आतून जखमा होतात. शुक्राणू सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांतच येतात, बाकी वेळ नुसतं प्रोस्टेटचं पाणी. त्यामुळे जोड न अडकता नर उतरला तरी मादी राहू शकते, लगेच निराश होऊ नका. एक दिवस सोडून पुन्हा एकदा लावली की पुरे. रोज रोज लावून काही वाढत नाही.

आणि व्यवहार आधी लिहून घ्या, अगदी वहीच्या कागदावर. पैसे की पिल्लू? पिल्लू असेल तर पहिली निवड कुणाची? मादी रिकामी राहिली तर पुढची खेप फुकट का? एकच पिल्लू झालं तर? माझी एक बावीस वर्षांची दोस्ती या शेवटच्या प्रश्नावर तुटली.

नंतर

हिट संपेपर्यंत मादी बंदच. चुकून गल्लीतला नर लागला तर "साफ करायचं" इंजेक्शन परस्पर घेऊ नका. त्यातल्या काहींनी गर्भाशयात पू होतो, रक्तपेशी तयार होणं थांबतं. डॉक्टरांना दाखवा.

पहिला महिना नेहमीचंच खाणं. २८ व्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफीत ठोके दिसतात. याच काळात मादी खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, घाण वासाचा स्राव आला, तर "गाभण आहे म्हणून असेल" म्हणत बसू नका. गर्भाशयात पू झाल्याची ती खूण असू शकते आणि त्यात दिवस नाही, तास मोजायचे असतात. पिल्लं किती ते ५५ व्या दिवसानंतरच्या एक्स-रेत मोजता येतं, म्हणजे विताना एखादं आत राहिलंय का ते कळतं.

बीज सुटल्याची तारीख हाती असली की विण्याचा दिवसही हाती असतो: तिथून ६३, एक दिवस मागे-पुढे. नुसत्या मेटिंगवरून मोजलं तर ५७ पासून ७२ पर्यंत कधीही. ५८ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून तापमान लिहा. ३८ सेल्सिअसच्या आसपास असणारा पारा ३७.२ च्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत कळा. चंद्रीचा ६२ व्या दिवशी संध्याकाळी ३६.९ झाला. मी डॉक्टरांना फोन करून रात्री जागे आहात ना विचारलं, दोन बादल्या पाणी भरून ठेवलं आणि जुन्या चादरी काढल्या. पहिलं पिल्लू पहाटे सव्वाचारला आलं, काळं-पिवळं, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका.